उजव्या हाताची खोली

पुष्पा आडेच्या तोंडाला वास येतो हे मला तीन वर्षं माहीत होतं. कशाचा वास, तेही माहीत होतं. पण तो तिच्याच पोटातून येत असेल, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मी फुलसावंगीपासून चार किलोमीटरवरच्या देवीलाल नाईक तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आम्ही दोन शिक्षक, चार वर्ग, त्रेचाळीस मुलं. पुष्पा आमच्याकडे मुलांची खिचडी शिजवायची. वय असेल अडतीस-एकोणचाळीस. काटक बाई, भरलेलं पातेलं एकटी उतरवायची. तोंडात कायम खर्रा. सुपारी-तंबाखूचा हा चुरा आमच्याकडे बायाही सर्रास चघळतात, त्यामुळे त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. तिची सासू बसंतीबाई घरी मोहाची दारू गाळायची. वास लुगड्याला लागून येत असेल, असं मी धरून चालले होते.

आणि पिणारा कोण, तेही मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पुष्पाचा नवरा राजकुमार फुलसावंगी ते महागाव काळीपिवळी जीप चालवतो. अबोल माणूस, डोळे कायम जागरण झाल्यासारखे लाल. एकदा पुष्पाच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ दिसलं. विचारलं तर म्हणाली, "चुलीच्या कडेवर पडलो, मॅडम." मी विश्वास ठेवला नाही. बायका असंच सांगतात. त्या दिवसापासून मी राजकुमारच्या जीपमध्ये बसणं सोडलं. दुसरी जीप मिळेपर्यंत अर्धा अर्धा तास उन्हात उभी राहायचे, पण त्याच्याशी बोलायचे नाही.

मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीतला तो मंगळवार. नियम असा आहे की मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं खिचडी चाखायची आणि चव रजिस्टरमध्ये सही करायची. त्या दिवशी मी कसली तरी ऑनलाइन माहिती भरत बसले होते, नेट येत-जात होतं. रजिस्टर समोर आलं, मी न चाखता सही ठोकली. हे मुद्दाम लिहितेय, कारण चौकशीत मी ते पहिल्या दिवशी कबूल केलं नव्हतं.

पाच मिनिटांत व्हरांड्यातून आरडाओरडा ऐकू आला. पहिलीतली एक मुलगी घास थुंकत होती. तिच्या शेजारचा मुलगा ओक्साबोक्शी रडत होता. "मॅडम, तोंड जळून राह्यलं!" मी धावत जाऊन बोटानं खिचडी चाखली आणि जीभ भाजल्यासारखी झाली. मिठाच्या जागी धुण्याचा सोडा पडला होता. दोन्ही पिशव्या एकाच फळीवर, दोन्हींत पांढरी पूड. सहा मुलांना उलट्या सुरू झाल्या. शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांनी, सरांनी, राजकुमारला फोन केला. तो जीप घेऊन आला, एका शब्दानं काही न विचारता मुलांना उचलून आत बसवायला लागला.

पुष्पा पातेल्यापाशी झारा हातात धरून नुसती उभी होती. भिंतीकडेला तिची स्वतःची मुलगी रोशनी बसली होती, चौथीतली. तिच्या ताटलीतली खिचडी जशीच्या तशी होती.

"रोशनी, तू खाल्लं का?" पुष्पानं विचारलं.

"नाही."

"काहून?"

रोशनीनं आईकडे पाहिलंही नाही. ताटलीकडे बघत ती म्हणाली, "सकाळी तुह्या तोंडाचा वास येत होता, याडी. वास आला का मी तुह्या हातचं खात नाही. दुसरीत होतो तवापासून."

याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई. मी त्या दोघींच्या मध्ये उभी होते. दहा वर्षांच्या मुलीनं ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. पुष्पा तिथंच खाली बसली, सांडलेल्या खिचडीत.

मुलं संध्याकाळपर्यंत बरी झाली, आपापल्या घरी गेली. फुलसावंगीच्या आरोग्य केंद्रात डॉ. शमा म्हणून तरुण डॉक्टर आहेत. त्या मुलांकडून चुळा भरून घेत होत्या तेव्हा दाराशी कोणीतरी उभं दिसलं. पुष्पा होती. जीपमध्ये बसायला तिला तोंड नव्हतं, म्हणून चार किलोमीटर चालत आली होती. तिचे हात पानांसारखे थरथरत होते. डॉ. शमांनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "रोज घेता?"

"हो."

"सकाळीसुद्धा?"

"सकाळी नाही घेतली तं हात असे होतात."

मी बाजूलाच होते. डॉक्टर दचकल्या नाहीत, मीच दचकले. त्यांनी एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहिला आणि तिच्या हातात ठेवला. "पुसदला दारू सोडलेल्या लोकांचा गट आहे. दर रविवारी बसतात. सगळे तुमच्यासारखेच. तिथे फोन करा. पण एक ऐका, आपल्या मनानं एकदम सोडू नका, झटके येतात, जिवावर बेततं. सोडायची ठरली की आधी माझ्याकडे या."

पुष्पाचं काम गेलं. ते जाणारच होतं. मला नोटीस आली, एवढंच.

पुढचं सगळं पुष्पानं मला नंतर सांगितलं, थोडं थोडं करून. ज्या गोष्टी दुसऱ्यांच्या आहेत त्या त्यांना विचारूनच इथे लिहिल्या आहेत.

तिची सुरुवात ऊसतोडीत झाली होती. ती आणि राजकुमार सात वर्षं पश्चिमेकडे ऊस तोडायला जायचे. पहाटे मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचं, फळीवरून. बाळंतपणानंतर तीन महिन्यांत तिनं ते केलं. कंबर धरली की शेजारच्या कोपीतली, म्हणजे पाचटाच्या झोपडीतली बाई देशीचा एक घोट द्यायची, "घे, दुखणं मरते." दुखणं खरंच मरायचं. मग राजकुमारनं जीप घेतली, ऊस सुटला, पण घोट सुटला नाही. घरात सासूची मोहाची होतीच. तांड्यावर म्हाताऱ्या बाया सणासुदीला थोडी घेतात, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. पुष्पाची मात्र रोजची झाली, चोरून. आणि राजकुमार? त्यानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. लग्नात मित्रांनी पेला पुढे केला तर ताक मागायचा, आणि त्यावरून सगळे त्याची टिंगल करायचे.

चिठ्ठी महिनाभर खर्र्याच्या पिशवीत राहिली. एका दुपारी घरात कोणी नसताना तिनं नंबर लावला.

"नमस्कार. मी विठ्ठलराव. मी दारुडा आहो, अकरा वर्षांपासून घेतली नाही. बोला ताई."

पुष्पानं फोन कानापासून दूर धरला. माणूस आपलं गाव सांगावं तसं सांगत होता, मी दारुडा आहो. तिला वाटलं, थट्टा करतोय.

"ताई? हाये का लाइनवर? घरी कोण पेते, मालक?"

आणि पुष्पाच्या तोंडून निघून गेलं, "हो."

"घाबरू नका. रविवारी चार वाजता या. मंगल कार्यालयाच्या मागं दोन खोल्या हायेत. डाव्या हाताच्या खोलीत आम्ही पेणारे बसतो. उजव्या हाताच्या खोलीत घरच्या बाया बसतात. माही बायको विजयमाला तिथंच असते. मालक नाही आले तरी तुम्ही या."

तिला खरं सांगायचं होतं. पण इतक्या मायेनं कोणी बोलल्यावर मध्येच 'मालक नाही, मीच' म्हणायला जीभ वळेना. नाव विचारलं, तेवढं मात्र तिनं खरं सांगितलं.

रविवारी मावसबहिणीकडे जाते म्हणून ती निघाली. निघताना थोडी घेतली, हात थरथरू नयेत म्हणून. महागावहून बसनं पुसद. पण मंगल कार्यालय कुठलं, नाव काय, हे विचारायचंच राहिलं होतं. पुसदला मंगल कार्यालयं ढिगानं. आणि विचारायचं तरी काय? दारुड्यांची सभा कुठं भरते? बांगडीवाल्याला विचारलं, "इथं मीटिंग कुठं हाये?" त्यानं समोरचा हॉल दाखवला. बाहेर चपलांचा खच, आत माणसंच माणसं. पुष्पा मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. स्टेजवर एक कोटवाला माणूस माईकवर ओरडत होता, "दोन वर्षांआधी मी पण तुमच्यासारखाच होतो! तुटलेला! घरात इज्जत नव्हती! आरशात तोंड पाहायची हिंमत नव्हती!"

पुष्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आपण बरोबर जागी आलो, असं तिला वाटलं. मग त्या माणसानं पावडरचा डबा उंच धरला आणि सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा घ्यायला सांगितला. पुष्पानं शेजारच्या बाईला हळूच विचारलं, "हे घेतलं का सुटते?"

"काय सुटते?"

"दारू."

त्या बाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, हे वजन कमी कराचं हाये."

पुष्पा तिथून उठून जवळजवळ पळतच बाहेर आली. परत जायचंच ठरवलं होतं तिनं. बसस्टँडच्या वाटेवर एका मंगल कार्यालयाच्या बोळात तिला एक म्हातारा माणूस व्हरांडा झाडताना दिसला. त्यानं तिला पाहिलं आणि झाडू टेकवून म्हणाला, "पुष्पाताई का? चार वाजून गेले, मले वाटलं चुकल्या." विठ्ठलराव होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांनी उजव्या हाताचं दार उघडून दिलं, आणि ती आत गेली.

पाच बाया होत्या. सतरंजी, पाण्याचा माठ, भिंतीला टेकवलेला पंखा. विजयमालाताईंनी जागा करून दिली. बोलत होत्या त्या बिस्मिल्लाबी, साठीच्या, पुसदच्याच. त्यांचा मुलगा अब्रार वेल्डिंगचं काम करतो. समोरच्या डाव्या खोलीत बसायला लागून त्याला चाळीस दिवस झाले होते.

बिस्मिल्लाबी सांगत होत्या, "तो पडला का मी जाऊन त्याच्याजवळ बसतो. नाकापुढं हात धरतो. वास घ्याले नाही, बाई. वास तं दारातूनच येते. सास चालू हाये का नाही, ते पाहतो. अन् सास लागला का मी अल्लाचे शुकर म्हणतो अन् त्याच तोंडानं त्याले शिव्या देतो."

पुष्पाच्या अंगावर काटा आला. तो एकदम आला नाही, हळूहळू चढत गेला, पायांपासून. कारण गेली कित्येक वर्षं सकाळी डोळे उघडले की तिच्या तोंडासमोर राजकुमारचा तळहात असायचा. तिला वाटायचं, हा वास घेतो, चोरी पकडतो. ती हात झटकून टाकायची. "कायले वास घेऊन राह्यले कुत्र्यावानी?" म्हणायची. तो काही न बोलता उठायचा आणि बाहेर जाऊन जीप पुसत बसायचा. एवढ्या वर्षांत एकदाही त्यानं सांगितलं नव्हतं की तो काय बघत होता.

"तुम्ही बोला, पुष्पाताई," विजयमालाताई म्हणाल्या. "मोकळं व्हा. मालक किती वर्षं झाले पेतात?"

तेव्हा उठून जायला हवं होतं, असं पुष्पा आजही म्हणते. पण ती बोलायला लागली. दहा-अकरा वर्षं पितात. मोहाची, देशी, मिळेल ते. पोरीच्या पायातले चांदीचे वाळे विकले आणि चोरीला गेले म्हणून सांगितलं. सणाच्या दिवशी पाहुण्यांसमोर पडले. एकदा रागात तवा फेकून मारला. यातलं एकही खोटं नव्हतं. फक्त करणारा माणूस बदललेला होता. तवा पुष्पानं फेकला होता, राजकुमारच्या खांद्याला लागला होता.

"मारते?" बिस्मिल्लाबींनी विचारलं.

"हो."

बायांनी तिला पाणी दिलं. एकीनं पाठीवरून हात फिरवला. "मेला तो," दुसरी म्हणाली. पुष्पाला रडू आलं, आणि ते रडू खरं होतं, त्यामुळे त्यांना आणखीच दया आली.

महागावच्या स्टँडवर राजकुमारची जीप उभी होती. ती पुढच्या सीटवर बसली. त्यानं एवढंच विचारलं, "बहीण बरी हाये?" तांडा येईपर्यंत तिला त्याच्या हातांकडे बघवेना. ज्या माणसाला आपण आत्ता पाच बायांसमोर राक्षस करून आलो, तो खड्डा आला की तिला धक्का बसू नये म्हणून जीप हळू करत होता.

पुढच्या रविवारी ती खरं सांगायचं म्हणून गेली आणि न सांगता आली. त्या दिवशी दुसऱ्या बायांनी सांगितलं ते ऐकत बसली. एक सासूला तोंड देत होती. एकीनं मुलाच्या शाळेत जाणं सोडलं होतं, नवरा तिथं येऊन पडतो म्हणून. प्रत्येक गोष्टीत पुष्पाला स्वतःचं घर दिसत होतं, पण दुसऱ्या बाजूनं. आपण पितो तेव्हा आपल्याला झोप लागते एवढंच तिला माहीत होतं. त्या वेळी बाकीचे काय करत असतात, याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. ती म्हणाली, "मॅडम, माह्याच मैताले मी जिवंत बसून होतो असं वाटे."

तिसऱ्या रविवारी बिस्मिल्लाबी तिची वाटच पाहत होत्या.

"बेटी, मी ठरवलं," त्या म्हणाल्या. "येत्या मंगळवारी आम्ही तिघी तुह्या तांड्यावर येतो. तुह्या नवऱ्याले मीच विचारतो. बाईवर हात उचलते! अन् नाही सुधरला तं पोरीले घेऊन तू माह्याकडं राहाले ये. मागची खोली मी कालच खाली केली. अब्रारनं बल्ब पण लावला."

पुष्पाला पुढचं सगळं दिसलं. तिघी तांड्यावर येतील. चार माणसांत राजकुमारला शिव्या घालतील. आणि तो? तो काहीच बोलणार नाही. तिची अब्रू झाकायला मार खाईल, पण बोलणार नाही. हे तिला इतकं पक्कं माहीत होतं की तिला बसवेना.

"नका येऊ," ती म्हणाली.

"काहून? त्याले भेतो का आम्ही?"

"आमचे हे पेत नाहीत. त्यायनं कधीच नाही घेतली. पेणारी मी आहो. वाळे मीच विकले. तवा मीच फेकला. मुक्यावानी सोसलं त्यायनं."

विजयमालाताईंच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. एक बाई नकळत सतरंजीवर मागे सरकली, पुष्पापासून दूर. सगळ्यात आधी बिस्मिल्लाबी उठल्या.

"तीन हप्ते," त्या म्हणाल्या. "तीन हप्ते तू आमच्यात बसून आमचं ऐकलं. मी जे माह्या सख्ख्या बहिणीले नाही सांगितलं ते तुह्यापुढं बोललो. माह्या हातानं तुले पाणी पाजलं. अन् तू त्यायच्यातली?"

"हो."

"बाईमाणूस असून?"

"हो."

"आजही पेऊन आली?"

"सकाळी. थोडी."

बिस्मिल्लाबींनी तोंडावर पदर दाबला. त्या आता मारतील, असं पुष्पाला वाटलं, आणि त्यांनी मारावं असंही वाटलं. बिस्मिल्लाबी दारापर्यंत गेल्या, कडी धरून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग वळून आल्या, तिचं मनगट घट्ट पकडलं, "ऊठ" म्हणाल्या, आणि तिला ओढतच व्हरांडा ओलांडून डाव्या हाताच्या दारासमोर घेऊन गेल्या. दार वाजवलं. विठ्ठलरावांनी उघडलं.

"भाऊ," बिस्मिल्लाबी म्हणाल्या, "ही चुकून आमच्यात बसली. ही तुमची हाये."

आत बारा-तेरा पुरुष होते. विठ्ठलरावांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली, काय करावं न सुचल्यासारखं. "मीच फोनवर विचारलं होतं, मालक पेतात का म्हणून," ते पुटपुटले. "मी असं कसं विचारलं?"

एक जण उभा राहिला. "बाईमाणसासमोर आम्ही कसं बोलाचं? आमच्या गोष्टी काय बायायनं ऐकासारख्या हायेत? तिच्यासाठी येगळा दिवस ठेवा."

"येगळ्या दिवशी ती एकटीच कोणाशी बोलन?" विठ्ठलराव म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातला एक तिशीतला पोरगेला माणूस उठला. अब्रार. त्यानं आपली खुर्ची उचलून दाराशी आणून ठेवली. तो पुष्पाकडे पाहत नव्हता, तिच्या मनगटावरच्या आपल्या आईच्या हाताकडे पाहत होता. "बसा ताई," तो म्हणाला. "अम्मी, तुम्ही पण बसा पाहिजे तं." बिस्मिल्लाबी बसल्या नाहीत. पण हात सोडून लगेच गेल्याही नाहीत.

त्या दिवशी पुष्पा एकच वाक्य बोलली. "मी पुष्पा, मी दारुडी आहो." उभा राहिलेला माणूस तोपर्यंत खाली बसला होता.

घरी येऊन तिनं राजकुमारला सगळं सांगितलं. पुसद, उजवी खोली, पाच बाया, आणि त्याला काय काय ठरवून आली तेही. तो जीपच्या पायरीवर बसून ऐकत होता.

"मले मारकुटा केलं तुनं?"

"हो."

"अन् त्यायनं मानलं?"

"लगेच मानलं."

हे त्याला झेपलं नव्हतं, ते दिसत होतं. मग म्हणाला, "सगळ्यायलेच तसं वाटते. तुह्या शाळेतल्या मॅडम माह्या जीपमधी बसत नाहीत." आणि त्यानंतर, पहिल्यांदाच, पुष्पासमोर रडला.

हे पुष्पानं मला सांगितलं तेव्हा माझी मान वर होईना. दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर जाऊन राजकुमारची माफी मागितली. तो गोंधळून गेला, "बसा मॅडम, बसा," म्हणत सीट झटकत राहिला.

पुष्पा डॉ. शमांकडे गेली. त्यांनी तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं नऊ दिवस सलाइन, गोळ्या. तिसऱ्या दिवशी तिला भिंतीवर मुंग्या दिसत होत्या आणि ती राजकुमारला त्या झटकायला सांगत होती. तो झटकत होता. दवाखान्यातून सुटल्यावर ती दर रविवारी पुसदला जायला लागली. दिवाळीत तांड्यावर गाणी-नाच सुरू असताना तिनं पुन्हा घेतली. दोन दिवस घेत होती. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःच विठ्ठलरावांना फोन केला. त्यांनी ओरडा दिला नाही. "रविवारची वाट कायले पाहता, उद्याच या," म्हणाले. त्यानंतर आजपर्यंत घेतलेली नाही. बसंतीबाईंनी घरात गाळणं बंद केलं नाही. त्या म्हणतात, ते माझं पोट आहे. पण आता ती भट्टी दुसऱ्या सुनेच्या अंगणात गेली आहे.

मधल्या काळात राजकुमारही पुसदला जायला लागला. उजव्या हाताच्या खोलीत. तिथं बायाच बाया आणि हा एकटा पुरुष दाराशी मांडी घालून. पहिल्या दिवशी बायांना त्याच्याकडे बघवेना, तीन आठवडे ज्याला शिव्या घातल्या तो समोर बसलेला. बिस्मिल्लाबींनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "बेटा, आमच्याकडून गुन्हा झाला." तो दोन रविवार काहीच बोलला नाही. तिसऱ्या रविवारी बोलला, आणि थांबेचना, असं विजयमालाताई सांगतात. काय बोलला ते त्या सांगत नाहीत.

रोशनी आता पाचवीत फुलसावंगीच्या शाळेत जाते. आईशी बोलते, पण जपून. पुष्पा तिच्यावर जबरदस्ती करत नाही.

जानेवारीपासून फुलसावंगीत दर बुधवारी दुपारी दोन ते तीन पुष्पा एका खोलीत बसते. फक्त बायांसाठी. खोली गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या ओळखीनं मिळाली. दारावर पाटी नाही. पाटी लावली तर कोण येईल? पहिले चार बुधवार ती एकटीच बसून होती, दार अर्धं उघडं ठेवून. मी विचारलं, "कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "मी चार बुधवार बसलो मॅडम, तेवढा येळ घेतली नाही, एवढं तं झालं." पाचव्या बुधवारी दोन बाया आल्या. एक तांड्यावरची होती. दुसरी गावातल्या अशा घरची, की त्यांची सून पिते असं कोणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाला खोटं पाडलं असतं. मी तिला फक्त दारातून निघताना पाहिलं. तिनंही मला पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढला. मग दोन पावलं गेल्यावर थांबली, वळली आणि म्हणाली, "पुढच्या बुधवारी पण हाये ना?"

मी हो म्हणाले.